बुडालेल्या पैशाचा हिशेब

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडी होती. आता स्वतः उभे राहून घर बांधण्याचा योग फार थोड्यांच्या वाट्याला येतो. आपण बहुतेक जणी सोसायटीच्या सदनिकांत राहतो. तथापि वीस-पंचवीस वर्षे झाली, की न्हाणीघराची फरशी हलू लागते, ओट्याखालची फळी फुगते, खालच्या बिऱ्हाडाच्या छताला ओल येते, आणि मग घराघरांत दुरुस्तीची भाषा सुरू होते. तेव्हा त्या म्हणीला 'आणि दुरुस्ती पाहावी काढून' अशी पुस्ती जोडावयास हरकत नाही.

आज मी बोलणार आहे ते दुरुस्ती कशी करावी यावर नव्हे. दुरुस्ती फसली, कंत्राटदार पैसे घेऊन काम अर्धवट टाकून गेला, तर ते पैसे परत कसे मिळवावेत, हा माझा विषय आहे. समारंभाच्या दिवशी हा रूक्ष विषय कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु हे पैसे कुठून आलेले असतात ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. कोणाची मुदतठेव मोडलेली असते, कोणाची भिशी लागलेली असते, कोणी हातातल्या दोन बांगड्या गहाण ठेवलेल्या असतात. आणि काम बिघडले, की बोल लागतो तो घरच्या बाईला. ''गवंडी काम करीत होते तेव्हा तू घरातच होतीस ना?'' हा प्रश्न तिला यजमानांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे विचारतात. मग ती गप्प बसते, आणि कंत्राटदाराला नेमके तेच हवे असते.

मला सांगावयाचे आहे ते एवढेच, की गेलेले पैसे मिळविण्याचा मार्ग आहे, आणि तो आपल्याला चांगल्या परिचयाच्या वस्तूमधून, म्हणजे हिशेबाच्या वहीमधून जातो. रागावून, रडून, फोनवर भांडून तो माणूस पैसे देत नाही. आपला आकडा कागदावर पक्का असेल, तर मात्र त्याला उत्तर द्यावे लागते.

आता क्रमाने पाहू.

काम बंद पडले, की आपला पहिला विचार असा असतो, की दुसरा माणूस बोलावून हे सगळे आधी नीट करून घ्यावे. घरात पाणी गळत असते, पाहुणे यावयाचे असतात, हे समजण्यासारखे आहे. पण बिघडलेले काम उखडून टाकले, की पुरावाही त्याबरोबर राबिटाच्या ढिगात जातो. म्हणून प्रथम दोन-तीन दिवस कळ सोसावी. प्रत्येक खोलीची, प्रत्येक भेगेची, फुगलेल्या प्लायची, ओल आलेल्या भिंतीची छायाचित्रे काढावीत. फरशीवर लाकडी मूठ आपटून ती कुठे पोकळ वाजते ते पाहावे आणि तेथे खडूने खूण करावी. दोन शेजारणींना बोलावून स्थिती दाखवावी, जे दिसले ते तारखेसह लिहून त्यांच्या सह्या घ्याव्यात. त्यानंतर एखाद्या स्थापत्य अभियंत्याला किंवा वास्तुविशारदाला फी देऊन बोलवावे. किती काम झाले, त्यातले किती सदोष आहे, आणि ते पुरे करावयास किती खर्च येईल, याचा लेखी अहवाल त्याच्या सहीशिक्क्यासह घ्यावा. ही फी वाया जात नाही. पुढे तीही मागता येते.

येथे दोन गोष्टींची सूचना द्यावीशी वाटते. कंत्राटदाराची हत्यारे, फरशी कापण्याचे यंत्र वगैरे आपल्या घरात राहिले असेल, तर ते अडकवून ठेवू नये. यादी करून, सही घेऊन परत करावे. नाही तर तोच उलट तक्रार करतो. दुसरी गोष्ट अशी, की गवंड्यावर आणि डोक्यावर घमेले वाहणाऱ्या बिगारी बाईवर राग काढू नये. पुष्कळदा त्यांचीही मजुरी त्याच माणसाने बुडविलेली असते.

आता कागदांविषयी. पुष्कळ जणी म्हणतात, ''आमच्याकडे करारच नाही.'' स्टँपपेपरवरचा करार नसला, म्हणून करार झालाच नाही असे नाही. त्याने दिलेले अंदाजपत्रक, मोबाइलवर आलेले निरोप, बँकेतून गेलेल्या रकमांच्या नोंदी, सामानाची बिले, या सर्वांतून काय ठरले होते ते सिद्ध करता येते. रोख दिलेल्या पैशांची पावती नसेल, तर भांडण विकोपाला जाण्यापूर्वी त्याला साधा निरोप लिहावा: ''दादा, आजवर तुम्हाला सगळे मिळून एवढे पोचले, बरोबर ना?'' त्याचे 'हो ताई' हे उत्तर पावतीच्या जागी उपयोगी पडते. असे निरोप पुसू नयेत, आणि शक्यतो तो मोबाइलही मोडीत काढू नये. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ हा १ जुलै २०२४ पासून लागू झाला आहे. त्याप्रमाणे मोबाइलमधील मजकूर छापून द्यावयाचा, तर त्याबरोबर कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडावे लागते.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग, म्हणजे मागावयाचा आकडा. येथे मी माझ्या थोरल्या जाऊबाईंचे उदाहरण देते. त्यांची त्यास संमती आहे. जाऊबाई डोंबिवलीस राहतात. २०२३ च्या जानेवारीत त्यांनी स्वयंपाकघर आणि न्हाणीघर नवे करावयास काढले. ठरलेली रक्कम ४,८०,००० रुपये होती. कंत्राटदार मोठा गोडबोल्या होता. येता-जाता ''वहिनी, काळजी करू नका, पाडव्याचा स्वयंपाक नव्या ओट्यावर'' असे म्हणे, आणि दर आठवड्याला सामानासाठी पैसे नेई. मार्चअखेर त्याच्याकडे ३,६०,००० रुपये पोचले होते, आणि त्यानंतर तो फिरकेनासा झाला. कपाटांना दारे नव्हती. न्हाणीघराचा तळ पाणी तुंबवून न तपासताच वर फरशी बसविली होती. मे महिन्यात खालच्या बिऱ्हाडात छतातून थेंब पडू लागले.

जाऊबाईंचे म्हणणे साधे होते: ''माझे ३,६०,००० परत द्या.'' परंतु हा आकडा टिकणारा नव्हता, कारण काही काम झाले होते आणि ते उपयोगाचेही होते. नळ बदलले होते, विजेच्या तारा नव्या घातल्या होत्या. सबंध रक्कम मागितली, की समोरचा माणूस ते झालेले काम दाखवितो आणि आपली सगळीच मागणी अवाजवी ठरवू पाहतो.

भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याच्या ७३ व्या कलमात नुकसानभरपाईचे तत्त्व सांगितले आहे. करार मोडल्यामुळे ओघाने जे नुकसान होते, तेवढे भरून मिळावे. आणि ते नुकसान कमी करण्याचे आपल्या हाती जे उपाय होते, तेही विचारात घेतले जावेत. याचा आपल्या भाषेतील अर्थ असा: ठरलेल्या किमतीत ठरलेले काम झाले असते, तर आपण ज्या स्थितीत असतो, त्या स्थितीत आपल्याला आणून सोडावयास किती पैसे लागतील?

जाऊबाईंनी दोन निराळ्या कंत्राटदारांकडून उरलेल्या आणि बिघडलेल्या कामाचे अंदाज घेतले. एकाने ३,१५,००० सांगितले, दुसऱ्याने २,९०,०००. त्यांनी कमी असलेला आकडा धरला. आता पहिल्या माणसाला त्यांनी अजून १,२०,००० द्यावयाचे होते. ते त्यांच्याजवळच राहिले आहेत. म्हणून २,९०,००० मधून १,२०,००० वजा केले. राहिले १,७०,०००. खालच्या बिऱ्हाडाचे छत नीट करून देण्यास १८,००० लागले आणि अभियंत्याची फी ६,००० झाली. एकूण १,९४,०००. हा त्यांचा खरा आकडा. याशिवाय मनस्तापाबद्दल आणि तक्रारीच्या खर्चाबद्दल निराळी मागणी करता येते. परंतु ती किती मान्य व्हावी हे निर्णय देणाऱ्यांच्या मर्जीवर असते.

हा हिशेब मी मुद्दाम फोडून सांगितला. दिलेले सगळे पैसे परत मागावयाचे आणि शिवाय दुरुस्तीचा सगळा खर्चही मागावयाचा, ही चूक फार होते. एकच नुकसान दोनदा मोजलेले पुढे टिकत नाही.

आकडा ठरला, की नोटीस. ती वकिलानेच दिली पाहिजे असे नाही. आपण स्वतः मराठीत लिहिलेली चालते. केव्हा काय ठरले, किती दिले, काय झाले आणि काय राहिले, आकडा किती आणि कसा काढला, व पंधरा दिवसांत रक्कम न दिल्यास तक्रार करू, एवढे सरळ लिहावे. शिव्याशाप आणि धमक्या नसाव्यात. पूर्वी आपण हे रजिस्टर पोस्टाने करीत असू. आता ती सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली आहे. तेव्हा स्पीड पोस्टाने पाठवून पावती आणि पोहोच दोन्ही जपून ठेवावी. दुकानाच्या पाटीवरचे नाव आणि मालकाचे नाव निराळे असते. मालकाचे पूर्ण नाव व पत्ता शोधून त्याच्या नावे नोटीस द्यावी. हुकूम पाटीवर बजावता येत नाही, माणसावर बजावावा लागतो.

नोटिशीला उत्तर आले नाही, तर पुढे कुठे जावयाचे? पुष्कळांना प्रथम पोलीस चौकी आठवते. पैसे घेतानाच फसविण्याचा हेतू होता असे दाखविता येत असेल, तर फसवणुकीचा गुन्हा होतो. परंतु नुसता करार मोडणे म्हणजे फसवणूक नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. म्हणून चौकीवर 'हा दिवाणी मामला आहे' असे उत्तर मिळते. महारेराचेही नाव घेतले जाते. पण तो २०१६ चा कायदा प्रामुख्याने विक्रीच्या बांधकाम-प्रकल्पांसाठी आणि त्यांच्या प्रवर्तकांसाठी आहे. आपण आपल्या राहत्या घरात करून घेतलेली दुरुस्ती त्यात येत नाही.

आपल्याला जवळचे दार म्हणजे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही दुसरी म्हण येथे आठवेल. ज्यांनी ती केली त्यांच्यापुढे वकिलांची फी, मुद्रांक आणि तारखा होत्या. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली आला, तो ही पायरी सामान्य माणसाला चढता यावी म्हणूनच. घरबांधणी ही सेवा आहे आणि तीत उणीव राहिली तर दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात स्पष्ट केले. सध्याचा कायदा २०१९ चा असून तो जुलै २०२० पासून अमलात आहे.

त्यातल्या सोयी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. आपण जेथे राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. कंत्राटदाराच्या गावी जावे लागत नाही. मोबदल्याची रक्कम ५० लाखांपर्यंत असेल, तर जिल्हा आयोगच पुरतो, आणि ५ लाखांपर्यंत काहीही फी नाही. वकील देणे सक्तीचे नाही. करार यजमानांच्या नावे असला, तरी त्यांच्या संमतीने त्या सेवेचा उपभोग घेणारी गृहिणीही कायद्याने ग्राहकच ठरते. तक्रार घरबसल्या संगणकावरूनही करता येते. जानेवारी २०२५ पासून त्यासाठी 'ई-जागृती' ही व्यवस्था आहे. सुरुवातीला नुसता सल्ला हवा असेल, तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यता सेवा आहे. मात्र मुदत दोन वर्षांची आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत दार ठोठावले पाहिजे. 'आज देतो, उद्या देतो' यात कंत्राटदार जे दिवस घालवितो, ते आपल्या मुदतीतून जातात.

समोरचा माणूस काय म्हणेल, याची तयारी आधीच करावी. तो तीनपैकी एक गोष्ट हमखास म्हणतो. एक, 'यांनी मध्येच नक्षा बदलला.' दोन, 'मी जादा काम केले, त्याचेच पैसे राहिले आहेत.' तीन, 'यांनी हप्ता वेळेवर दिला नाही, म्हणून काम थांबले.' प्रत्येकाचे उत्तर तारखेसह आपल्या वहीत असले पाहिजे. जाऊबाईंच्या वेळी त्याने ४०,००० रुपयांचे जादा काम सांगितले. जाऊबाईंच्या रोजच्या खर्चाच्या वहीत त्या नळांचे पैसे त्यांनी स्वतःच दुकानात भरल्याची नोंद होती, आणि बिल त्याच पानाला टाचलेले होते. दुधाचा आणि वाण्याचा हिशेब ज्या वहीत, त्याच वहीने ते ४०,००० खोडून काढले.

त्यांनी २०२३ च्या ऑक्टोबरात ठाण्याच्या जिल्हा आयोगात तक्रार केली. कायद्यात साधारण तीन महिन्यांत निकाल व्हावा असे म्हटले आहे. प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो, हे मनाशी धरून चालावे. नव्या कायद्यात उभयपक्षी संमती असल्यास प्रकरण मध्यस्थाकडे पाठविता येते. त्यांचे तसे झाले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तडजोड झाली. मागणी १,९४,००० ची होती, ठरले १,५५,०००. घरात यावर बराच खल झाला. पण आणखी वर्ष दोन वर्षे तारखा, आणि हुकूम मिळाल्यावर पुन्हा वसुली, हे सारे तोलून त्यांनी होकार दिला. तडजोड आयोगापुढे लेखी नोंदविली गेली. एक धनादेश ५५,००० चा आणि दोन ५०,००० चे असे ठरले.

दुसरा धनादेश खात्यात पैसे नाहीत म्हणून परत आला. येथेही जाऊबाई फोनवर भांडत बसल्या नाहीत. धनादेश न वटल्याचे बँकेने कळविल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावयाची असते. त्यानंतर त्याला १५ दिवस मिळतात. तरीही पैसे न आल्यास पुढील महिन्याभरात फौजदारी तक्रार करता येते. पराक्रम्य संलेख अधिनियमाच्या १३८ व्या कलमाची ही नोटीस हाती पडल्यावर बाराव्या दिवशी पैसे आले. शेवटचा हप्ता जानेवारी २०२५ मध्ये पोचला.

तडजोड झाली नाही आणि आयोगाने हुकूम दिला, तरी कंत्राटदार तो पाळीलच असे नाही. मग त्याच आयोगाकडे अंमलबजावणीचा अर्ज करावा. दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे वसुली करण्याचा अधिकार त्याला आहे. आणि हुकूम न पाळणाऱ्यास एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा २५,००० ते १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

वकिलाची मदत घ्यावीशी वाटली आणि ऐपत नसली, तर एक गोष्ट आपणा भगिनींना अवश्य माहीत असावी. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रियांना मोफत कायदेविषयक साहाय्य मिळण्याचा हक्क आहे, आणि त्यास उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तेथे साधा अर्ज द्यावा.

ज्या भगिनींनी अजून दुरुस्ती काढलेली नाही, त्यांच्यासाठी थोडेसे. काम सुरू होण्यापूर्वी कंत्राटदाराकडून प्रत्येक कामाचे माप आणि दर लिहून घ्यावेत. 'किचन कंप्लीट' एवढ्याने भागत नाही. प्लाय कोणती, हे नुसते 'चांगली' असे न लिहिता तिच्यावरील मानकासह लिहावे. पाण्याजवळची मरीन प्लाय म्हणजे आय. एस. ७१०, हा शिक्का फळीवरच असतो. पैसे झालेल्या कामाच्या मागून द्यावेत, होणाऱ्या कामाच्या पुढे धावून देऊ नयेत. न्हाणीघराचा तळ बुजविण्यापूर्वी पाणी भरून दोन दिवस ठेवावे आणि खालच्या बिऱ्हाडात जाऊन पाहून यावे. जादा काम निघाले, तर त्याची किंमत आधी लिहून घ्यावी. आणि दहावा हिस्सा पहिला पावसाळा उलटेपर्यंत हाती ठेवावयाचा, असे सुरुवातीसच ठरवावे. तो 'वहिनी' म्हणतो म्हणून पावती मागावयास आपल्याला संकोच वाटतो. भाऊबीज घालावी, पण व्यवहाराची पावतीही घ्यावी.

शेवटी मंडळाला एक विनंती आहे. १९६६ साली मुंबईत काही गृहिणींनीच पुढाकार घेऊन ग्राहकांना मार्गदर्शन करणारी संस्था काढली, तेव्हा देशात ग्राहकांचा असा कायदाही नव्हता. पुढे १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तिचे घरोघरचे वाटपही बहुतांशी बायकांच्याच हातांनी चालले. आपल्याला एवढे मोठे काम करावयाचे नाही. महिन्यातून एक दुपार ठरवावी. हिशेबात पक्क्या असलेल्या दोघी-तिघींनी त्या दिवशी मंडळात बसावे. ज्या भगिनीचे पैसे अडकले असतील, तिने आपली वही, बिले आणि मोबाइल घेऊन यावे, आणि सगळ्यांनी मिळून तिचा आकडा काढून नोटीस लिहून द्यावी. एकटी बाई घरात बसून गप्प राहते. चौघींच्या मध्ये बसली, की तिला आपल्या हक्काचा आकडा उच्चारावयाचा धीर येतो.